गळ्यात घंटी व मणी

शपथ

मित्रांनो, जे सांगेन ते खरं सांगेन. जे कानांनी ऐकलं ते ऐकलं म्हणेन आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं असं म्हणणार नाही. कोर्टात साक्षीदाराला अशीच काहीशी शपथ घ्यावी लागते. मीही एकदा कोर्टात गेले होते, पण मला कुणी शपथ दिली नाही, कारण मी माणूस नाही. मी एक जुनी, काशाची, ओठाला जराशी चिरलेली घंटी आहे. बैलाच्या गळ्यातली. तेव्हा राहून गेलेली शपथ आज घेते आणि माझी साक्ष तुमच्यापुढं देते.

साक्ष थोडी तुटक होईल. घंटीला सलग बोलता येत नाही. एक ठोका, मग जराशी शांतता, मग दुसरा ठोका. तेवढं सांभाळून घ्या.

सरतपास

(आपल्या साक्षीदाराला आपल्याच वकिलानं आधी सरळ प्रश्न विचारायचे, त्याला सरतपास म्हणतात. इथं मीच साक्षीदार आणि मीच वकील.)

नाव? घंटी.

जन्म? उदगीरच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत. निजामाचं राज्य गेलं आणि त्याची नाणी बाजारातून बाद झाली, तेव्हा त्या ओताऱ्यानं मूठमूठ जुनी तांब्याची नाणी गोळा केली, मुशीत वितळवली, त्यात कथील घातलं आणि मातीच्या साच्यात मला ओतलं. साचा फोडताना त्याचा हातोडा जरा जोरात लागला. ओठाची चीर तेव्हाची. ओतारी म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चिरलेली घंटी लांबून वळखू येती." नाण्यांवरची उर्दू अक्षरं विरघळली खरी, पण माझ्या अंगात थोडी उरली असावीत. पुढं ठाण्यात फिर्याद, जबाब, मुद्देमाल, जामीन असले शब्द कानावर पडले, तेव्हा मला नातलग भेटल्यासारखं झालं.

राहणार? हुणसेवाडी. या गावाच्या शेवटच्या बांधापलीकडं कर्नाटक सुरू होतं. कोंबडा इकडं आरवला तरी उठतात तिकडचे. मडिवाळप्पा नावाच्या शेतकऱ्यानं मला विकत घेतलं. तो वारला आणि मग घर, शेत आणि मी, सगळं त्याच्या बायकोकडं, रत्नम्माकडं आलं. रत्नम्मा घरात कानडी बोलायची, गल्लीत मराठी. तिची मराठी अडखळायची, पण पोचायची. गाव तिला आई म्हणायचं. माझ्यासमोर पाळण्यातली पोरं तिच्या कानडी ओव्या ऐकत झोपली, त्यामुळं मलाही कानडी येते. हे ध्यानात ठेवा. पुढं उपयोगाला येणार आहे.

काम? बसूच्या गळ्यात वाजणं. बसू हा देवणीचा बैल. अंग पांढरं शुभ्र आणि तोंड काळं, जणू कुणी शाईच्या दौतीत त्याचं नाक बुडवलंय. चालताना तो मान अशी काही टाकायचा की मला वाजण्याचे कष्टच पडायचे नाहीत. गावात म्हणायचे, "रत्नम्माचा बैल दिसायच्या आधी ऐकू येतो." मला वाटायचं, ही माझीच तारीफ आहे. बसूला वाटायचं, त्याची. आमचं कधी भांडण झालं नाही.

मग लातूर जिल्हा नवा झाला. त्याची नवलाई ओसरायच्या आत पाऊस रुसला. आधी एक वर्ष, मग दुसरं. कडबा संपला. तळ्याच्या कोरड्या पोटात गुरांची छावणी उघडली आणि अख्ख्या पंचक्रोशीची जनावरं तिथं दावणीला गेली. बसूही गेला. जाण्याआधी रत्नम्मानं मला त्याच्या गळ्यातून सोडवलं. म्हणाली, "पोट भरून खाईल तवा वाजवावं. उपाशी बैलाच्या गळ्यात घंटी शोभंना." आणि मला स्वयंपाकघरातल्या खुंटीवर अडकवलं.

हेही ध्यानात ठेवा. बसू छावणीत. घंटी घरात.

एका सकाळी बसू छावणीतून नाहीसा झाला. दावं तुटलेलं, बैल गायब. रत्नम्मा पायात वहाण न घालता ठाण्यात गेली आणि बैल चोरीला गेल्याची फिर्याद देऊन आली. तिथं काय घडलं ते मी सांगू शकत नाही. मी खुंटीवर होते.

दुसऱ्या दिवशी तिनं केरबाला बोलावलं. केरबा छावणीत चारा वाटायचा. बुद्धविहारामागच्या गल्लीत राहायचा, उंच, हडकुळा आणि कायम शीळ घालणारा. प्रत्येक जनावर त्याला नावानं माहीत होतं. बसू गेल्यापासून त्याची शीळ बंद होती.

"केरप्पा," रत्नम्मा म्हणाली, "ही घे. गावागावात जा, बाजारात जा, वाजीव. मला इसरंल बसू. हिला न्हाई."

"आई, मी हुडकतो त्याला," केरबा म्हणाला. "माझ्या हातचा चारा खाल्लाय त्यानं."

मग मी केरबाच्या हातात वाजत निघाले. किती दिवसांनी वाजत होते. खरं सांगते, बैल हरवलाय हे मध्येमध्ये विसरून जात होते.

आठवडी बाजारात दुष्काळामुळं जनावरांची गर्दी होती आणि माणसांचे चेहरे उतरलेले होते. केरबा दावणीदावणीतून मला वाजवत चालला होता. काळं तोंड दिसलं की थांबायचा, वाजवायचा, पुढं जायचा. तेवढ्यात बंदोबस्तावरच्या जमादारानं त्याला हटकलं.

या जमादाराचं नाव ग्यानोबा. गाव किनवटकडचं. नव्या जिल्ह्यात बदली मागून आलेला आणि आमच्या सीमेवरच्या ठाण्यात रुजू होऊन आठवडाही न झालेला. किनवटला लहानपण गेल्यामुळं तेलुगू फाडफाड बोलायचा, म्हणून त्याला वाटायचं की सीमेवरची समदी बोली आपल्याला समजते.

"कुणाची घंटी रं?"

"रत्नम्मा आईची. म्हंजे बसूची."

"बसू कोण?"

"बैल, साहेब."

"अन् बैल कुठाय?"

"त्योच तर हुडकून राहिलो."

"मणी कुठायत?"

केरबा गडबडला. "कसले मणी?"

"घंटीबरोबरचे. फिर्यादीत हाय. बैलाच्या गळ्यात घंटी व मणी."

"मणी न्हवते, साहेब. घंटी बी गळ्यात न्हवती, घरी होती. आईनंच दिली मला."

"म्हंजे घंटी ठिवली अन् मणी इकले," जमादार म्हणाला. भोवती जमलेले हेडी, म्हणजे गुरांचे दलाल, हसले. एक जण म्हणाला, "बैल कुठं इकला ते बी इचारा."

मित्रांनो, चोरलेल्या बैलाची घंटी भर बाजारात, पोलिसासमोर वाजवत फिरणारा चोर तुम्ही पाहिलाय का? मी तर ऐकलाही नाही. पण एकदा संशय आला की माणसाला शीळसुद्धा इशाऱ्यासारखी ऐकू येते.

तिथंच पंचनामा झाला. पंच म्हणजे त्या वेळी हजर असलेली दोन तिऱ्हाईत माणसं. पोलीस म्हणतात तसंच खरोखर घडलं, हे पुढं सांगता यावं म्हणून त्यांना उभं करायचं असतं. एक पानवाला होता आणि दुसरा एक हेडी. जमादारानं माझं वर्णन लिहिलं, "काशाची घंटी एक, ओठास चीर, जु.वा." मला आधी वाटलं हे कौतुक आहे. मग पानवाल्यानं विचारलं, "जु.वा. म्हंजे?" जमादार म्हणाला, "जुनी, वापरती." त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग माझ्या लोळीला चिंधी गुंडाळली, म्हणजे माझी जीभच बांधली. मला कागदात गुंडाळून सुतळी बांधली, वर लाखेची मोहोर केली. कागदावर मारलेल्या शिक्क्यात अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. जमादारानं ते पेनानं खोडून वर लातूर लिहिलं. अशी मी मुद्देमाल झाले.

(इथं मी पाकिटात आहे. दिसत काही नाही. ऐकू येतं तेवढं सांगते.)

खुर्ची सरकली. दारात अनवाणी पावलं वाजली. रत्नम्माचा श्वास मी ओळखते.

फौजदार साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी मीटिंगला गेले होते. जिल्हा नवा झाल्यापासून साहेब मीटिंगमध्येच असायचे, असं ठाण्यातले लोक म्हणायचे. म्हणून चौकशी जमादाराकडं होती. केरबानं सांगितलेलं खरं की खोटं हे विचारायला त्यानंच रत्नम्माला बोलावलं होतं, आणि हे त्याचं चुकलं नव्हतं.

"बाई," जमादार म्हणाला, "तुमची घंटी केरबाकडं गावली. चोर गावला म्हणा की. कळलं का?"

ठाणं, टोपी, पट्टा. रत्नम्माची अडखळणारी मराठी उंबऱ्याबाहेरच राहिली. घाबरलं की माणूस आईच्या भाषेत बोलतं.

"कळ्ळ अल्ल," ती म्हणाली.

"कळलं ना?"

"कळ्ळ अल्ल, कळ्ळ अल्ल."

"कल्लू? शिंदी प्याला होता का त्यो?" जमादारानं तेलुगू लावून पाहिलं.

"अल्ल, अल्ल. कळ्ळ अल्ल."

"बरं बरं. एकदा कळलं म्हणलं की बास." पेन कागदावर खरखरलं. "सदर बाईस सर्व कळले असून..."

मित्रांनो, कानडीत कळ्ळ म्हणजे चोर. अल्ल म्हणजे नाही. तो चोर नाही, तो चोर नाही, असं ती बाई कळवळून सांगत होती. हे त्या खोलीत फक्त मला समजत होतं. आणि माझीच जीभ बांधलेली.

मग जमादाराची पावलं आतल्या कोठडीकडं गेली.

"केरबा, बाईला समदं कळलंय म्हणती."



"रत्नम्मा आई असं म्हणली?" केरबाचा आवाज आला. "मंग झालं, साहेब. आता गावात कुणाचं कोंबडं हरवलं तरी माझंच दार वाजंल."

त्यानंतर बाहेर एक नवा आवाज आला, स्वच्छ आणि चढा. केरबाची बायको, सरजाबाई.

"माझ्या माणसाला धरलं का नुसतं बशिवलं?"

"धरलं."

"कशापायी?"

"तुला काय करायचं?"

"मला न्हाई, त्याला सांगा. माणूस धरला तर कारण सांगावं लागतंय. बाबासाहेबांनी लिवून ठिवलंय. अन् उद्या चोवीस तासांच्या आत जजासमोर उभं करावं लागतंय. आमच्या विहारात वाचून दावतेत."

जमादाराची पावलं उंबऱ्याशी आली. "मला शिकिवतीस का?"

"न्हाई. याद देऊन राहिले. भाकर आणलीया, ती बी द्या त्याला. अन् हात लावू नका."

"हात कशाला लावतो? मणी दिले की संपलं."

"कसले मणी?" सरजाबाईनं विचारलं.

तो प्रश्न सगळे विचारत होते. मीही पाकिटात तोच विचार करत होते. माझ्या सोबतीला मणी कधी नव्हतेच.

उलटतपास

(आता समोरच्या बाजूनं विचारायचं. साक्षीदार डगमगतो का ते पाहायचं. तुम्ही विचारा, मी सांगते.)

घंटी, तू पाकिटात होतीस. मग तुला हे सगळं कसं माहीत?

डोळे झाकले होते. कान कुणी बांधले नव्हते.

तू रत्नम्माची. मग केरबाच्या बाजूनं का बोलतेस?

मी कुणाच्याच बाजूनं बोलत नाही. मला चोरानं हलवलं काय आणि धन्यानं हलवलं काय, आवाज एकच येतो.

केरबानं बैल चोरला नाही, हे तू पाहिलंस?

नाही.

मग?

मी शपथेवर एवढंच सांगू शकते की त्यानं मला चोरलं नाही. बैलाचं मला माहीत नाही. पण मित्रांनो, केरबानं आपण चोर नाही हे सिद्ध करायचं नसतं. तो चोर आहे असं जो म्हणतो, त्यानं ते दाखवायचं असतं. तोवर केरबा हा केरबाच. नाहीतर कुणीही उठून तुम्हाला म्हणेल, मणी दाखव, आणि तुम्ही नसलेले मणी कुठून आणणार?

जमादार दुष्ट होता का?

नाही. केरबाला त्यानं बोट लावलं नाही. घोंगडी दिली. कारणही सांगितलं, सरजाबाईनं याद दिल्यावर का होईना. तो फक्त "कळलं" हा शब्द ऐकायला फार उतावीळ होता. आपण सगळेच असतो.

फेरतपास

(राहिलेलं पुन्हा उलगडायचं.)

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एकाच एस.टी.नं तालुक्याच्या कोर्टात गेलो. (मी पाकिटातच होते. गाडीतलं दिसण्यासारखं जे सांगते, ते नंतर केरबाच्या तोंडून ऐकलेलं.) सीमेवरच्या ठाण्याला कुठली आलीय जीप. जमादार खिडकीशी, मी त्याच्या पिशवीत, त्याच्या शेजारी केरबा, मागच्या बाकावर सरजाबाई. आणि गाडी सुटता सुटता रत्नम्मा चढली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

कंडक्टरनं केरबाकडं बघून विचारलं, "आरोपीचं तिकीट कोण काढणार?"

"सरकार," जमादार म्हणाला.

"आमच्या जन्मात एवढं फुकट कधी फिरलो न्हाई," केरबा पुटपुटला. गाडी हसली. सरजाबाई हसली नाही. ती रत्नम्माकडं पाठ करून बसली होती.

"आई," केरबा मागं वळला, "तुमी असं..."

"साक्षीदाराशी बोलायचं न्हाई," जमादारानं अडवलं. "कायदा हाय."

मग रत्नम्मानं पदराची गाठ सोडली. आतून भाकरी आणि शेंगाचटणी काढली, आणि एक शब्द न बोलता पुढं केरबाच्या मांडीवर ठेवली.

पिशवी एकदम स्थिर झाली. जमादारानं श्वास रोखला असावा. मग म्हणाला, "बाई, त्यो तुमचा चोर. अन् त्यालाच भाकर?"

पोलिसाचा आवाज ऐकून रत्नम्मा मागं सरकली. केरबानं भाकरीचे दोन तुकडे केले, एक जमादाराला दिला. "घ्या साहेब. सकाळपासून तुमी बी उपाशीच हाव." जमादारानं घेतला. पण एकेक घास तो फार सावकाश चावत होता, एवढं मला पिशवीतून ऐकू आलं.

कोर्टातले न्यायाधीश कोकणातून बदलून आले होते. आवाज मऊ, बोलणं सावकाश. त्यांनी आधी केरबालाच विचारलं, "पोलिसांनी मारलं का? कशासाठी धरलंय ते सांगितलं का?"

"मारलं न्हाई, साहेब. सांगितलं बी. पण मणी मागून राहिलेत. मणी कुठून आणू?"

"कसले मणी?" न्यायाधीश म्हणाले.

मुद्देमाल पुढं आणा, असा हुकूम झाला. मोहोर तुटली, सुतळी सुटली, कागद उलगडला. उजेड आला. जमादारानं चिंधी सोडली आणि माझी जीभ मोकळी झाली. मी ठेवून घेतलेलं सगळं एकदम बोलले.

टण्ण.

मागच्या बाकावरून रत्नम्मा ताडकन उभी राहिली. "अव कळ्ळ अल्ल," ती म्हणाली. "कळ्ळ अल्ल री, कळ्ळ अल्ल."

पट्टेवाला तिला बसवायला धावला. न्यायाधीशांनी हात वर केला. "थांबा. त्या बाई काय म्हणतात?"

जमादार टाचा जोडून म्हणाला, "साहेब, कळलं म्हणून राहिल्यात. जबाबात हाय तसं."

"काय कळलं?"

जमादार जबाबाचा कागद चाळू लागला.

न्यायाधीश पुढं झुकले. मग म्हणाले, "मला नाही कळलं."

मित्रांनो, मी पुष्कळ मोठी बोलणी ऐकली आहेत. जत्रेतली भाषणं ऐकली, नव्या जिल्ह्याची भाषणं ऐकली. पण एवढ्या उंच खुर्चीवरून "मला नाही कळलं" म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आणि केरबाची कोठडी, खरं म्हणजे, त्याच तीन शब्दांनी उघडली.

"यांची भाषा इथं कुणाला येते?" त्यांनी विचारलं.

"मला येते," वकिलांच्या बाकावरून सिद्रामप्पा उठले. उदगीरचे वकील, जाडजूड, पानानं ओठ लाल. न्यायाधीशांनी त्यांना दुभाषी म्हणून शपथ दिली. ऐकलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही.

सिद्रामप्पांनी कानडीत विचारलं. रत्नम्मा बोलू लागली आणि धरण फुटल्यासारखी बोलली. बोलणं ऐकता ऐकता वकिलांच्या मिशा हलायला लागल्या. हसू दाबताना त्यांनी पानाचा ठसका घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "कळ्ळ म्हणजे चोर. अल्ल म्हणजे नाही. बाई कालपासून म्हणतायत की तो चोर नाही. घंटी त्यांनीच दिली, बैल शोधायला."

मागं सरजाबाईनं "आगं माय" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

"आणि मणी?" न्यायाधीशांनी विचारलं.

सिद्रामप्पांनी पुन्हा विचारलं. रत्नम्मानं बोटानं लांब, हुणसेवाडीच्या दिशेला दाखवलं.

"त्या फिर्याद द्यायला गेल्या, तेव्हा जमादारांनी विचारलं, गळ्यात काय होतं. बाई म्हणाल्या, गंटी मनियाग ऐती. म्हणजे घंटी घरात आहे." वकिलांनी मिशा पुसल्या. "आमच्या बोलीत मनी म्हणजे घर, साहेब. जमादारांनी घराचे मणी केले आणि बैलाच्या गळ्यात बांधले."

कोर्टात हसणं बरं नसतं. पण पट्टेवालासुद्धा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. फक्त जमादार ग्यानोबा हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"जबाब बाईंना वाचून दाखवला होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दाखिवला, साहेब."

"कोणत्या भाषेत?"

 टोपी सारखी करत जमादार एक पाऊल पुढं आला. "साहेब, चूक माझी हाय. तसं लिहून घ्यावं. केरबाला सोडावं."

केरबा मोकळा झाला. न्यायाधीश म्हणाले, पुढची चौकशी नीट करा आणि बाईंचा जबाब त्यांच्या भाषेत घ्या. मला रत्नम्माच्या ताब्यात दिलं. कोर्टाच्या पायरीवर सरजाबाई तिच्यापुढं आली. कालपासूनचं बोलायचं खूप होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"आई, चटणीत लसूण लई होता म्हणतेत हे," सरजाबाई म्हणाली.

"बसू आला की गोड करतो," रत्नम्मा म्हणाली. आता तिची मराठी परत आली होती.

निकाल

तरीही बैल कुठं होता? गुन्ह्याचा खरा प्रश्न तोच होता, आणि मण्यांच्या नादात तो मागंच पडला होता.

परतीच्या गाडीत जमादारानं रत्नम्मासमोर हात पसरला. "बाई, घंटी द्या. आता मी वाजवतो."

तो खरंच वाजवत हिंडला. खाकी कपड्यातला माणूस, हातात घंटी, शेजारी शीळ घालणारा केरबा. गावोगावची पोरं मागं धावायची. बाजारातले हेडी म्हणायचे, "जमादार, मणी गावले का?" तो म्हणायचा, "हुडकून राहिलो."

हुणसेवाडीच्या बांधापलीकडं, कर्नाटकातल्या एका गावाशी आम्ही पोचलो. पाटी कानडीत होती. जमादार आधी पुढं निघाला, मग थांबला, मग परत आला आणि एका म्हातारबाबाला म्हणाला, "काका, मला कानडी येत न्हाई. काय लिवलंय?"

"कोंडवाडा," म्हातारबाबा म्हणाला. "मोकाट गुरं कोंडायचं ठिकाण."

जमादारानं मला वाजवलं.

आतून हंबरणं आलं. असं काही हंबरणं, की माझी चीर आणखी थोडी रुंदावली असेल. काळं तोंड कुंपणावरून वर आलं. दावं तोडून बसू हिरव्या वासावर सीमा ओलांडून गेला होता, कुणाच्या तरी विहिरीकाठचा मका खाल्ला होता, आणि रीतसर पकडला गेला होता. इकडं केरबा चोरीसाठी कोठडीत आणि तिकडं बसू चोरीसाठी कोंडवाड्यात. फरक एवढाच की बसूनं खरंच चोरी केली होती. कुणी विचारलं असतं तर त्यानं ती कबूलही केली असती. त्याचं पोट दिसत होतं.

चोर कुणीच नव्हता. जमादारानं तसा अहवाल कोर्टाला पाठवला.

बसूला घरी आणलं त्या दिवशी रत्नम्मानं मला पुन्हा त्याच्या गळ्यात बांधलं. पोट भरून खाल्लं होतं, आता वाजायला हरकत नव्हती. गल्ली जमली होती. जमादार जायला निघाला, तेव्हा केरबानं त्याला हाक मारली.

"थांबा साहेब. मुद्देमाल घेऊन जावा."

त्यानं खिशातून निळ्या काचेच्या मण्यांची माळ काढली. बाजारातून आणलेली. सगळ्यांसमोर ती बसूच्या गळ्यात, माझ्याशेजारी बांधली.

"घ्या," केरबा म्हणाला. "गळ्यात घंटी व मणी. आता तुमचं लिवलेलं खरं झालं."

जमादार एवढा हसला की टोपी पडली. त्यानंतर ठाण्यात येणाऱ्या कुणाचाही जबाब घेतला की तो विचारायचा, "मी काय लिवलं ते आता तुमच्या बोलीत मला सांगा." कळलं का, असं त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

मित्रांनो, बसू म्हातारा होऊन गेला. रत्नम्मा गेली. जाण्याआधी तिनं मला गावच्या शाळेला दिलं. बरीच वर्षं माझ्या ठोक्यावर तुमचे आईबाप वर्गात गेले आणि माझ्याच ठोक्यावर उड्या मारत बाहेर पडले. मग विजेची घंटी आली. आता मी वर्गाच्या खिडकीच्या गजाला टांगलेली असते. अंगावर हिरवा गंज चढलाय. मण्यांपैकी एकच निळा मणी दोऱ्यात अडकून राहिलाय. चिंचेचा कोळ लावून घासलंत तर मी अजून झळकेन, आणि हुणसेवाडीत चिंचेला तोटा नाही.

पण मला घासण्याआधी एक करा. गुरुजी शिकवून झाल्यावर विचारतात, "कळलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "कळलंऽऽ." मी खिडकीतून ऐकते आणि मला ठाण्यातली जमादाराची ती खुर्ची आठवते. उद्या गुरुजींनी विचारलं आणि तुम्हाला कळलं नसेल, तर तसं सांगा. कोर्टातला उंच खुर्चीवरचा माणूस सांगू शकतो, तर बाकावरच्या तुम्हाला कसली लाज? आणि तुमच्यासमोर कुणी वेगळ्या बोलीत कळवळून बोलत असेल, तर मान डोलावू नका. विचारा.

माझी साक्ष संपली. वारा आला की मी हलते, तेव्हा अजूनही एक शब्द वाजतो. ऐकून पाहा. मराठी कानाला तो कळलं वाटेल. रत्नम्माला जे म्हणायचं होतं, ते मात्र दुसऱ्यांदा ऐकल्यावरच ऐकू येईल.